आमचं नेमकं किती?

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोन कामांसाठी येतात. ठेव कुठे ठेवावी हे विचारायला, नाहीतर कर्ज कसं मिळेल हे विचारायला. त्यातून तो माणूस कादंबऱ्या लिहिणारा असला, तर ‘माझ्या आयुष्यावर एक कादंबरी होईल बघा’ हे सांगायलाही येतात. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर माझी पुतणी तिच्या मैत्रिणीला घेऊन आली, ती कर्जाच्या कामासाठी. दोघींनी मिळून भाजणीचा धंदा काढायचं ठरवलं होतं. थालिपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, उपासाची भाजणी आणि जोडीला मेतकूट. कृती माझ्या आईची, म्हणजे पुतणीच्या आजीची. धान्यं किती भाजायची, धणे कधी घालायचे, याचं आईच्या अक्षरातलं एक पिवळं पडलेलं चिटोरं पुतणीनं जपून ठेवलं आहे.

धंदा अजून सुरू व्हायचा होता, पण कार्डं छापून झाली होती. दोघींच्याही कार्डावर नावाखाली ‘को-फाउंडर’. भाजणीच्या पिशवीचं चित्र तयार होतं, रंग ठरले होते. प्रश्न एवढाच होता, “काका, प्रायव्हेट लिमिटेड काढायची की एलएलपी? कुठल्यात कर्ज लवकर मिळतं?”

मी म्हटलं, “ते नंतर बघू. आधी तुमच्या दोघींचं काय ठरलंय ते सांगा.”

“निम्मं-निम्मं,” दोघी एका सुरात म्हणाल्या.

“निम्मं-निम्मं म्हणजे काय?”

त्या हसल्या. म्हाताऱ्या माणसाच्या प्रश्नाला हसतात तसं. “म्हणजे निम्मं-निम्मं, काका! आमची बारा वर्षांची मैत्री आहे. आमच्यात कागद कशाला?”

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. १९९३ साली, कोल्हापुरात, माझ्याच टेबलासमोर. त्या वाक्याचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं, आणि त्यात माझाही थोडा हात होता. त्या दिवशी मुलींना मी ती हकीकत सांगितली. आज इथे सांगतो आहे, कारण धंदा सुरू करणारी पोरं-पोरी हल्ली घरोघरी दिसतात आणि निम्म्या-निम्म्याची भाषा फारशी बदललेली नाही.

तेव्हा मी कोल्हापूरच्या एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. कोल्हापूर म्हणजे फौंड्र्यांचं गाव. कास्टिंग ओतलं की ते लेथवर कातायचं, भोकं पाडायची, फिनिशिंग करायचं, ही कामं मोठे कारखाने बाहेर देत. अशी जॉबवर्क घेणारे शेकडो छोटे गाळे गावात होते. असाच गाळा काढायला दोन मित्र माझ्याकडे आले. एक कुशल टर्नर; दुसऱ्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं लेथवर उभा राहिलेला. दुसरा शाळामास्तर, नोकरीचा राजीनामा देऊन प्रॉव्हिडंट फंडाचे ६० हजार घेऊन आलेला. सगळे त्यांना मिस्त्री आणि मास्तर म्हणत. मीही तसंच म्हणतो. खऱ्या नावांची इथे गरज नाही.

मिस्त्रीकडे रोख पैसा नव्हता. त्याच्याकडे एक जुना लेथ होता, हात होता आणि पेठेतलं दोन खोल्यांचं घर होतं. मास्तरकडे पैसा होता, हिशेबाची वही होती आणि चार कारखान्यांत ओळखी होत्या. जोडी नामी होती. मी दुसऱ्या लेथसाठी आणि ड्रिलिंग मशीनसाठी १ लाख ४० हजारांचं मुदत कर्ज आणि ७५ हजारांचं कॅश क्रेडिट मंजूर करवून घेतलं. तारण म्हणून मिस्त्रीच्या घराची कागदपत्रं बँकेत आली.

भागीदारीचा करारही आला. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर करून आणलेला, सहा परिच्छेदांचा. नाव, पत्ता, धंद्याचं स्वरूप, ‘नफा-तोटा उभयतांत समसमान’, आणि खाली सह्या. माझ्यासमोर तपासणीची यादी होती. ‘भागीदारी करारपत्र : आहे’ यावर मी खूण केली. करार दोन मिनिटांत वाचला. त्यात काय नाही हे मला दिसलं होतं. मी एवढंच म्हटलं, “जरा तपशिलात करायला हवा होता.” मिस्त्री म्हणाला, “साहेब, आमच्यात कागद कशाला? लहानपणापासून एका ताटात जेवलोय आम्ही.” मला ते ऐकून बरं वाटलं. महिनाअखेर होती, उद्दिष्ट पुरं करायचं होतं. मी फाइल पुढे सरकवली.

पाच वर्षं गाळा उत्तम चालला. दोनाचे सात कामगार झाले. मध्ये एका कारखान्यानं जॉबवर्कचं मोठं बिल थकवलं, तेव्हा वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, “फर्म रजिस्टर आहे का?” नव्हती. भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. नोंदणी करायची, मग दावा लावायचा, आणि हे सगळं तीन वर्षांच्या मुदतीच्या आत. मित्रांनी कंटाळून निम्म्यावर तडजोड केली. पहिला इशारा तो होता. तिघांनीही ऐकला नाही. तिसरा मी.

१९९८ च्या पावसाळ्यात मिस्त्री गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. वय त्रेचाळीस.

तिसऱ्या दिवशी मास्तर बँकेत आला. कामगारांचे पगार द्यायचे होते. मी त्याला सांगितलं, “मास्तर, खातं थांबवावं लागेल.” तो माझ्याकडे बघतच राहिला. भागीदार वारला की बँक फर्मचं कर्जखातं तिथल्या तिथे थांबवते. याला १८१६ सालच्या एका इंग्लिश खटल्याचा आधार आहे; क्लेटनचा नियम म्हणतात त्याला. खातं चालू ठेवलं तर नंतर भरलेला प्रत्येक रुपया सर्वांत जुन्या कर्जाच्या पोटी जमा धरला जातो. जुनं कर्ज फिटत जातं, नवं निघत जातं, आणि मेलेल्या भागीदाराच्या मालमत्तेवरचा बँकेचा हक्क विरघळून जातो. म्हणून खातं थांबवायचं. नियम बँकेच्या दृष्टीनं बिनचूक आहे. मी तो बिनचूक पाळला. दोनच भागीदारांची फर्म. एक गेला म्हणजे फर्मच संपली. मास्तरच्या एकट्याच्या नावानं नवी मर्यादा मंजूर होऊन यायला अडीच महिने लागले. तोवर सातांतले पाच कामगार दुसरीकडे गेले होते आणि कामं तिसरीकडे.

मग मिस्त्रीची बायको आली. बरोबर दहावीतली मुलगी. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, “साहेब, आमचं नेमकं किती हाय त्यात?”

मी म्हटलं, “वहिनी, हिशेब बघून सांगतो.”

हिशेब बघितला आणि सांगवेना. आयकरासाठी वह्या लिहिणाऱ्यानं मास्तरचे ६० हजार भांडवल म्हणून जमा दाखवले होते. मिस्त्रीचा लेथ वह्यांत नव्हताच. तो फर्मला भांडवल म्हणून दिला होता की नुसता वापरायला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. मास्तरची बायको नोकरीला होती, त्यामुळे मास्तर फर्ममधून फारसं काही उचलत नसे. मिस्त्रीचं घर मात्र गाळ्यावरच चालत होतं. तो दरमहा घरखर्चाला पैसे घेई. करारात त्याला पगार लिहिलेला नव्हता, म्हणून ते पैसे त्याच्या नावावर उचल म्हणून पडत गेले. नफ्यातला निम्मा वाटा जमा आणि उचल नावे, असं करत करत पाच वर्षांअखेर त्याच्या खात्यावर १८ हजार रुपये येणं निघत होतं. दिवसाचे बारा तास लेथवर उभा राहिलेला माणूस कागदावर आपल्याच फर्मचा देणेकरी निघाला होता.

यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. मास्तरला हे माझ्याकडूनच कळलं. ऐकून तो खुर्चीत तसाच बसून राहिला. पण पुढे दोन्हीकडचे नातेवाईक आले. लेथ कुणाचा, यावरून बोलाचाली झाल्या. ‘आमच्या माणसाच्या घरावर कर्ज काढून तुम्ही मालक झालात’ असं एकीकडून, ‘पैसा आमचा बुडाला’ असं दुसरीकडून. शेवटी मास्तरनंच मशिनं विकली, बँकेचं देणं फेडलं, जुना लेथ विकून आलेले पैसे वहिनींना नेऊन दिले आणि स्वतः शिकवण्या सुरू केल्या. १९९९ साली घराची कागदपत्रं मी वहिनींच्या हातात ठेवली आणि ‘मिळाली’ म्हणून त्यांची सही घेतली. त्या दोन घरांत पुढे जाणं-येणं राहिलं नाही.

माझ्या एका कादंबरीत मी हा प्रसंग वापरला आहे. तिथे मी दोन मित्रांचं भांडण रंगवलं, एकाला लबाड केलं. वाचकांना ते आवडलं. पण खरी गोष्ट तशी नव्हती. खऱ्या गोष्टीत दोघेही सज्जन होते, आणि एक कर्ज अधिकारी होता ज्यानं दहा मिनिटं वाचवली. ‘मिस्त्रींना पगार किती?’ एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर पुरे होतं. १९९३ सालापासून आयकराचे नियमही बदलले होते. काम करणाऱ्या भागीदाराला दिलेला पगार फर्मला खर्चात धरता येऊ लागला होता, पण तो करारात लिहिलेला असला तरच. हे मला ठाऊक होतं.

हकीकत संपली तेव्हा पुतणी गप्प होती. मैत्रीण म्हणाली, “पण काका, ते जुन्या काळातलं. आता कायदे बदलले असतील ना?”

बदलले आहेत, आणि नाहीतही. लोकांची समजूत अशी असते, की आपण कागद केला नाही म्हणजे कागद नाही. तसं नसतं. तुम्ही लिहिला नाहीत, तर कायद्यानं तुमच्यासाठी एक कागद आधीच लिहून ठेवलेला आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं १३ वं कलम तो कागद आहे. त्यात म्हटलं आहे की दुसरं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समसमान, मग कुणी पैसा कितीही घातलेला असो. धंद्यात काम करतो म्हणून कुणाही भागीदाराला मोबदला नाही. भांडवलाच्या वर कुणी जास्तीचे पैसे घातले तर त्यावर द. सा. द. शे. ६ टक्के व्याज. मुदत ठरली नसेल तर कुणीही एक जण नोटीस देऊन फर्म मोडू शकतो. आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही पूर्ण जबाबदार. बँक किंवा सावकार दोघांपैकी ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून सगळं वसूल करू शकतो. कायदा वाईट नाही. पण तो ज्यांनी काहीच ठरवलं नाही त्यांच्यासाठी केलेला आहे. तुमच्या मापाचा तो शिवलेला नाही.

२००८ साली एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा आला. पुष्कळ तरुणांना वाटतं की यानं सगळं मिटलं. त्याच्या पहिल्या परिशिष्टात डोकावून पाहा. भागीदारांनी वेगळं ठरवलं नसेल तर वाटा समान, आणि काम केल्याबद्दल मोबदला नाही. इमारत नवी, आतला जुना पाट तसाच. फरक एवढा, की एलएलपी ही भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. एक भागीदार गेला म्हणून ती संपत नाही. दोघांतला एकच उरला तर दुसरा आणायला सहा महिने मिळतात, त्यानंतरही एकट्यानं तसंच रेटलं तर जबाबदारी अंगावर येते. मिस्त्री-मास्तरांच्या वेळी हे सहा महिने असते, तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आणि प्रायव्हेट लिमिटेड? या नावाला एक भारदस्तपणा आहे. पाटीवर शोभतं. मर्यादित जबाबदारीची कल्पना समजून घ्यायची तर लंडनच्या सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याची गोष्ट बँकेच्या परीक्षांत आम्हाला हमखास असे. १८९२ साली या गृहस्थांनी आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कायद्याला ७ सभासद लागत, म्हणून बायको, मुलगी आणि ४ मुलगे यांना एकेक शेअर दिला, आणि २० हजारांहून जास्त शेअर स्वतःकडे ठेवले. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला, की नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळे. जगभरच्या कंपनी कायद्याचा हा पाया.

पण बँकेच्या टेबलाच्या पलीकडून मी एक गोष्ट सांगतो, जी कंपनी काढून देणारे सांगत नाहीत. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या हमीपत्रावर सही झाली की निदान त्या कर्जापुरता सॉलोमनसाहेबांचा निकाल बाजूला पडतो. कंपनीचं देणं पुन्हा तुमच्या घरादारावर येतं. म्हणून कुठल्या कागदावर सही करतो आहोत, आणि घरातल्या कुणाची करवून घेतो आहोत, हे पाटीपेक्षा महत्त्वाचं. मिस्त्रीसारखं घर तारण ठेवायची वेळ आता प्रत्येकावर यायला नको. २००० साली छोट्या उद्योगांच्या कर्जांसाठी हमी देणारा ट्रस्ट केंद्र सरकार आणि सिडबीनं मिळून काढला. २०१० साली रिझर्व्ह बँकेनं सूक्ष्म आणि लघू उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जांना तारण मागू नका असं बँकांना बजावलं. हे मागून घ्यायचं असतं. काउंटरवरचा माणूस आपण होऊन सांगेलच असं नाही. मी तरी किती जणांना सांगितलं असेन!

कंपनीला आणखी एक खर्च असतो, शिस्तीचा. २०१५ साली किमान १ लाख भांडवलाची अट गेली, त्यामुळे कंपनी काढणं स्वस्त झालं. चालवणं झालं नाही. विक्री शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण, सभा, विवरणपत्रं चुकत नाहीत. एकट्याचा धंदा असेल तर सरळ मालकीची पेढी उत्तम. वेगळी नोंदणी नाही, वेगळा आयकर नाही. एकट्यालाच कंपनी हवी तर २०१३ च्या कायद्यानं एकट्याची कंपनीही काढता येते. बाहेरचा कुणी भांडवल घालणार असेल, त्याला शेअर द्यायचे असतील, तर प्रायव्हेट लिमिटेड. दोन-तीन माणसं मिळून स्वतःच्या पैशांनी आणि कष्टांनी चालवणार असतील तर नोंदणी केलेली भागीदारी किंवा एलएलपी. याहून फार गूढ असं त्यात काही नाही.

गूढ आहे ते आधीच्या प्रश्नात. हे कुणाचं आहे? १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज लिज्जत हे नाव कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवसांत सोडवला. जी लाटील ती भगिनी-सभासद, जी सभासद ती मालक, आणि नफा-तोटा सगळ्यांचा. कायद्याचं रूप त्याला पुढे १९६६ साली मिळालं, सोसायटी म्हणून नोंदणी झाली तेव्हा. आधी आपसांत ठरलं, मग त्याला शोभेल असा कायदा निवडला. आपण नेमकं उलटं करतो. आधी पाटी रंगवतो आणि मग पाटीखाली कोण कुठे उभं राहणार यावर भांडतो.

तर मी मुलींना कोरे कागद दिले आणि म्हटलं, एकमेकींना न दाखवता पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. पैसा कोण किती घालणार? वेळ कोण किती देणार? दरमहा कोण किती घरी नेणार? नाव आणि कृती कुणाची? आणि एकीला बाहेर पडायचं झालं, किंवा एक नसलीच, तर काय?

अर्ध्या तासानं कागद शेजारी-शेजारी ठेवले, आणि बारा वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा दोघींना एकमेकींचं अक्षर परकं वाटलं असावं. पुतणी नोकरी सोडणार होती आणि दीड लाख घालणार होती. मैत्रीण नोकरी सोडणार नव्हती. संध्याकाळी आणि रविवारी येणार होती, पण वडिलांकडून चार लाख आणणार होती. ‘घरी किती नेणार’ याखाली पुतणीनं वीस हजार लिहिले होते, मैत्रिणीनं ‘पहिली दोन वर्षं काही नाही’. कृती कुणाची, यावर पुतणीनं ‘आजीची’ लिहिलं होतं, मैत्रिणीनं ‘फर्मची’.

पाचव्या प्रश्नाखाली दोघींचेही कागद कोरे होते.

“म्हणजे मी फुकट राबणार आणि तू रविवारी येऊन निम्मं नेणार?” पुतणी म्हणाली. मैत्रीण म्हणाली, “आणि पैसा बुडाला तर माझ्या बाबांचा बुडणार.” दोघींचंही खरं होतं. मग मैत्रीण माझ्याकडे वळली. “काका, राग मानू नका. तुम्ही तिचे काका आहात. ती आजी तुमची आई. मग हा कागद तुम्ही कुणाच्या बाजूनं लिहिणार?”

राग कसला मानायचा? मुलगी हुशार होती. मी म्हटलं, “मी लिहिणारच नाही. मी फक्त विचारणार. लिहायचं तुम्ही, आणि तपासायला दोघींना न ओळखणारा चार्टर्ड अकाउंटंट गाठा.” त्या एकमेकींशी न बोलता जिना उतरल्या. रात्री भावाचा फोन आला, “अरे, पोरी कर्जाचं विचारायला आल्या होत्या. तू काय सांगितलंस त्यांना?” मग पुतणीनं फोन घेतला. “काका, आमची मैत्री मोडली तर तुमच्यामुळे.” दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. १९९३ साली प्रश्न न विचारल्याचं ओझं होतं, आता विचारल्याचं.

आठ-दहा दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. बरोबर वहीची चार पानं, खाडाखोड केलेली. एलएलपी करायची ठरली होती. पुतणीला सातव्या महिन्यापासून दरमहा १८ हजार पगार. पहिले सहा महिने ती काही घेणार नाही, पण त्याची नोंद राहील. मैत्रिणीनं घातलेल्या जास्तीच्या अडीच लाखांवर ९ टक्के व्याज. हे दोन्ही दिल्यावर जे उरेल ते निम्मं-निम्मं. आता त्या निम्म्याला अर्थ होता. कृती पुतणीच्या घरची, फर्मला वापरायला दिलेली. पण धंद्याचं नाव फर्मचं, ट्रेडमार्क फर्मच्या नावे. बाहेर पडायचं तर तीन महिन्यांची नोटीस, हिशेब सीए करणार, पैसे चार हप्त्यांत. एक नसलीच, तर तिचा वाटा वर्षाच्या आत वारसाला; त्यासाठी दोघींनी मुदतीचा विमा काढायचा.

“मैत्रिणीनं नोकरी कधी सोडायची” यावर एकमत झालं नव्हतं. तिथे त्यांनी लिहिलं होतं : ‘यावर पुढच्या दिवाळीनंतर बसू.’ मला ती ओळ सर्वांत आवडली. सगळं आजच ठरत नाही. पण काय ठरलेलं नाही हे तरी ठरलं पाहिजे.

मैत्रिणीच्या आईला मात्र पाचवं कलम फार लागलं. शुभकार्याच्या आरंभी मरणाची भाषा कशाला, असं त्या म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालणं मला जमलं नाही. मी त्यांना मिस्त्रीच्या बायकोचं वाक्य तेवढं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वारस म्हणून माझंच नाव घातलंय का तिनं?”

मग आम्ही पैशांकडे वळलो, कारण नवे लोक हमखास चुकतात ती जागा तीच. साडेपाच लाखांतले साडेचार लाख त्यांनी भाजणीचं यंत्र, चक्की आणि दुकानाच्या सजावटीत घातले होते, कागदावर. मी विचारलं, धान्य कशातून आणणार? १९९२ साली नायक समितीनं छोट्या उद्योगांसाठी एक सोपा आडाखा दिला. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या पाव हिस्सा रक्कम सतत मालात आणि उधारीत अडकलेली राहते. त्यातले चार भाग बँकेनं द्यावेत, एक भाग उद्योजकानं स्वतःचा घालावा. १२ लाखांची विक्री धरली तर ३ लाख अडकणार. २ लाख ४० हजार बँकेचे, ६० हजार आपले. हे ६० हजार यंत्रात घालून बसलेले अनेक गाळे मी बंद पडताना पाहिले आहेत. सजावट रद्द झाली. चक्कीऐवजी ओळखीच्या गिरणीत पहाटेची वेळ ठरली.

बाकीच्या नोंदण्या वाटतात तितक्या अवघड नाहीत. घरातून खाद्यपदार्थ विकायचे तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागतेच. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून आहे, ती फुकट होते, कुणाला पैसे देऊ नयेत. तिचा एक फायदा पुष्कळांना माहीत नसतो. २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचं बिल खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. मिस्त्री-मास्तरांच्या वेळी हा कायदा नव्हता. आज आहे, पण बिलावर तारीख आणि मागणीचा कागद नसेल तर तोही उपयोगाचा नाही. पुन्हा कागदच.

मला कुणी विचारील, की मग विश्वासाचं काय? सगळं लिहूनच ठेवायचं तर मैत्रीला काय अर्थ? मी तीस-पस्तीस वर्षं कर्जाच्या फाइली पाहिल्या. अविश्वासापायी मोडलेल्या भागीदाऱ्या त्यांत होत्या, पण थोड्या. जास्त मोडल्या त्या भिडेपायी. पैशाचं बोलणं वाईट दिसतं, म्हणून न बोलता राहिलेली माणसं. मनातल्या मनात प्रत्येक जण हिशेब करत असतोच. फक्त दोघांच्या मनातले हिशेब वेगळे असतात, आणि ते उघड होतात तेव्हा समोर एकतर वकील असतो, नाहीतर तेराव्याचे पाहुणे. सलोखा आहे तोवर लिहिलेला कागद गोड भाषेत लिहिला जातो. मुलींची ती चार पानं वाचताना मला ते जाणवलं. एके ठिकाणी ‘तिची आई आजारी असेल तेव्हा सुट्टी धरू नये’ असंही एक कलम होतं. सीएनं ते करारातून काढायला लावलं. मुलींनी वहीत ठेवलं आहे.

संक्रांतीच्या आठवड्यात पहिली भाजणी दळून आली. पुतणी एक पिशवी घेऊन आली. आईच्या फोटोपुढे ठेवली, मग माझ्या हातात दिली आणि पाठोपाठ एक कागद. बिल नंबर १. अर्धा किलो, १४० रुपये.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “घरचे पैसे वेगळे, धंद्याचे वेगळे. तुम्हीच सांगितलंत ना काका?”

माझ्या आईच्या हातची भाजणी मी चाळीस वर्षं खाल्ली; तिचे पैसे त्या दिवशी पहिल्यांदा दिले. दहा रुपये सुटे नव्हते तिच्याकडे. ते ती दुसऱ्या दिवशी आणून देऊन गेली.